यशया ३: शिक्षा पापाची की निर्लज्जपणाची?

बोरू: बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात, ३:९ मध्ये, यहूदा राज्याचे लोक सदोमासारखं (पापासाठी नाश पावलेल्या शहरासारखं) पाप उघड मिरवतात आणि म्हणूनच त्यांच्यावर अनर्थ येतो. लपवणाऱ्याला निदान लाजेची चाड असते. न्याय येतो तो निर्लज्जांवर.

उंबरठा: हे वाचून गप्प बसवत नाही. बायबलमधलाच यहेज्केल ग्रंथ, अध्याय ८ उघडा. सत्तर वडील, म्हणजे समाजाचे पुढारी, अंधारात धूप जाळतात आणि म्हणतात, परमेश्वर आम्हाला पाहत नाही. ९:६ मध्ये संहार त्याच वडिलांपासून सुरू होतो. लपवल्याची सूट कुणाला मिळाली? आणि यशया ३ वर बोलणारे नेहमी सोळाव्या वचनातल्या बायकांच्या पैंजणांवर घसरतात. चौदावं वाचा! गरिबांची लूट घरात भरल्याचा आरोप वडिलांवर आणि सरदारांवर आहे.

बोरू: पैंजणांचा विषय मी काढलाच नव्हता, उगाच माझ्या माथी मारू नका. यहेज्केल २४:७ बघा. यरुशलेमने रक्त मातीत नाही, उघड्या खडकावर सांडलं. लेवीय १७:१३ तर शिकारीच्या रक्तावरही माती लोटायला सांगतं.

खापर: याहून नेमकं आमोस संदेष्ट्याचं २:८. गहाण घेतलेली वस्त्रं वेदीशेजारी पसरून त्यांवर लोळायचं! निर्गम २२:२६ नुसार ती सूर्यास्ताआधी परत द्यायची, कारण रात्री गरिबाचं पांघरूण तेच. १९६० मध्ये मसाद हशव्याहू या इस्राएलच्या किनाऱ्यावरच्या प्राचीन किल्ल्यात सापडलेल्या खापरावर कापणी करणाऱ्या मजुराचा अर्ज आहे: काम पुरं केलं, तरी वस्त्र नेलं, सोबतचे कापणीवाले साक्ष देतील.

उंबरठा: त्यात कर्ज कुठाय? वाद कामाचा आहे. शिवाय आमोस इ.स.पू. आठव्या शतकातला, इस्राएलच्या उत्तरेच्या राज्यात बोलणारा. ते खापर इ.स.पू. सातव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, किनाऱ्यावरचं. दोन्ही एकत्र कालवू नका.

खापर: गहाण नाही, मान्य. पण वस्त्र गेलं की मजूर थेट अधिकाऱ्याकडे दाद मागतो, इतकं ते मोलाचं होतं. आमोस समजायला एवढं पुरे.

बोरू: म्हणजे माझंच खरं. वेदीपाशी, चारचौघांत.

उंबरठा: तेच वस्त्र पेटीत दडवलं असतं, तर गरीब कमी कुडकुडला असता का? गुन्हा परत न देण्याचा आहे. निर्लज्जपणाबद्दल एवढंच मान्य करतो: यिर्मया ६:१५ मधल्यांना लाजच वाटत नाही, म्हणून ते पापापासून वळत नाहीत आणि पडतात. निनवे शहराने पश्चात्तापाने गोणपाट नेसलं, तिचा नाश टळला.

बोरू: एवढं मान्य करता, तर नववं वचन बाजूला का सारता? चौदाव्यात लूट आहे, नवव्यात लुटणाऱ्यांची तोंडं. आरोपपत्र एकच आहे.