अनुभव धागा : शाळेत, व्हॅनमध्ये, ग्रुपवर मुलांचा छळ होतो तेव्हा तुम्ही काय केलंत?

पुण्यातल्या आईबाबांनो, "मुलं आहेत, चालायचंच" हे ऐकून वीट आलाय. काय उपयोगी पडलं ते लिहा, मुलाचं आणि शाळेचं नाव नको. सुरुवात मी करते.

मुलगा पाचवीत, कोथरूड. भर उन्हाळ्यातही पाण्याची बाटली भरलेलीच परत यायची, विचारलं की "तहान नाही लागत". एका रात्री दिवा घालवल्यावर बोलला, टॉयलेटला गेलं की मोठी मुलं बाहेरून कडी लावतात, म्हणून तो पाणीच पीत नव्हता. माझं डोकंच फिरलं, पण तो म्हणाला आई तू भांडलीस तर अजून करतील. मग दोघांनी बसून कुठे, कधी, कोण होतं सगळं लिहून काढलं, त्याला वाचून दाखवलं आणि अर्ज देऊन पोच घेतली. पोच घ्याच, तोंडी सांगितलं की नुसतं "बघतो" होतं. आता मधल्या सुट्टीत तिथे मावशी उभ्या असतात.

वारज्याहून एक बाबा : लेक आठवीत, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्या फोटोचे स्टिकर बनवून फिरवत होते आणि ती बिचारी सगळं डिलीट करत बसलेली. आधी स्क्रीनशॉट घ्या, नंबर आणि तारीख दिसेल असे, मगच ब्लॉक. प्रायव्हसीत ग्रुप्सला 'माय कॉन्टॅक्ट्स' केलं की अनोळखी कोणी ग्रुपात ओढू शकत नाही. इन्स्टावर ब्लॉक करायला ती घाबरत होती तर रिस्ट्रिक्ट केलं, म्हणजे त्याच्या नव्या कमेंट फक्त त्यालाच दिसतात आणि समोरच्याला कळत नाही. फोन मात्र काढून घेतला नाही, शिक्षा तिलाच झाली तर पुढच्या वेळी सांगेल कशाला?

हडपसर : व्हॅनवाल्या काकांना सांगा. आमच्याला त्यांनी पुढे शेजारी बसवलं, त्रास थांबला.

धायरीहून, समुपदेशक आहे : मॉर्फ केलेला (चेहरा वगैरे जोडून बनवलेला) अश्लील फोटो असेल तर पुरावा म्हणूनसुद्धा इतर पालकांना फॉरवर्ड करू नका, अठराच्या आतल्या मुलांचं असं काही पुढे पाठवणं आयटी कायद्याच्या ६७ब खाली गुन्हा आहे. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर महिला-मुलांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नाव न सांगताही तक्रार करता येते. १०९८ चाइल्डलाइन चोवीस तास चालू असते, मूल स्वतःही फोन करू शकतं. झोप उडाली, जेवण तुटलं तर टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६.

सिंहगड रोड : लिहू का नको करत होते. आमच्याकडे चिडवणारा माझाच मुलगा आहे. ज्याला तो चिडवतो त्या मुलाच्या आईचा फोन आला, एक शब्द चढ्या आवाजात नाही, त्यामुळे मीही ऐकून घेऊ शकले. खोदून विचारलं तर कळलं, ग्राउंडवर ह्याला मोठी मुलं 'ढोल्या' म्हणतात आणि तो राग हा वर्गात काढतो. आता त्याला माफी मागायला घेऊन जाऊ का?

कोथरूड (मी) : आधी त्या मुलाला चालेल का ते त्याच्या आईकडून कळू द्या. माझ्या लेकाला त्या मुलांकडून सगळ्या वर्गासमोर सॉरी म्हणवलं होतं, पण मान खाली घालून उभा माझाच लेक होता.