मन एकाच व्यक्तीत अडकले आहे, समोरची स्थळे दिसतच नाहीत

मृद्गंध:
नमस्कार. माझे वय एकतीस असून मी पुण्यात नोकरी करते. पूर्वीच्या कार्यालयातील एका सहकाऱ्यावर माझा जीव जडला आहे. तो आता बंगळुरूला असतो. आमच्यात स्पष्ट बोलणे कधीच झालेले नाही. तो मधूनच रात्री उशिरापर्यंत मनमोकळ्या गप्पा मारतो, मग कित्येक दिवस संदेशाला उत्तरही देत नाही, आणि मी सावरू लागले की पुन्हा आपुलकीने चौकशी करतो. दरम्यान घरी स्थळे पाहणे सुरू आहे. भेटलेल्यांपैकी एक मुलगा तर खरोखर विचारी वाटला, पण बोलताना मी मनात त्याची त्या सहकाऱ्याशी तुलनाच करत राहिले आणि घरी आल्यावर पत्रिकेचे कारण सांगून नकार कळवला. ही निष्ठा म्हणावी की अडकून पडणे? आणि मन मोकळे झाल्याशिवाय दुसऱ्या कोणाला भेटणे योग्य आहे का?

निरभ्र:
मानसशास्त्र हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोरोथी टेनॉव्ह यांनी १९७९ मधील आपल्या पुस्तकात एकाच व्यक्तीच्या ओढीत अडकण्याच्या या अवस्थेला ‘लिमरन्स’ असे म्हटले. त्यांच्या मांडणीनुसार ती टिकून राहायला दोन गोष्टी लागतात: थोडी आशा आणि भरपूर अनिश्चितता. ठाम होकार मिळाला तर ओढीची तीव्रता कालांतराने निवळते, ठाम नकार मिळाला तर आशेचे खतपाणी तुटते. परंतु तुम्हाला मिळते तसे अधूनमधून येणारे, कधी येईल याचा अंदाज नसलेले उत्तर मिळत राहिले, तर मन वर्षानुवर्षे वाट पाहू शकते. अनियमित अंतराने मिळणाऱ्या बक्षिसामुळे जडलेली सवय सर्वांत चिवट असते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले होते.

इटलीतील पिसा येथे डोनातेल्ला माराझ्झिती यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यासही येथे आठवतो. नुकत्याच प्रेमात पडलेल्या २० जणांच्या रक्तातील, सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाशी संबंधित एक मोजमाप, त्याच त्या विचारांचा आजार (ओसीडी) असलेल्या रुग्णांइतकेच खाली आलेले आढळले. अभ्यास लहान होता, त्यामुळे त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण ‘डोक्यातून विचार जातच नाही’ ही तुमची अवस्था म्हणजे मनाचा दुबळेपणा नव्हे, एवढे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. तुमच्या शब्दांत सांगायचे तर हे अडकणेच आहे, कारण निष्ठा ठेवायला आधी दोघांनी काही ठरवलेले असावे लागते.

सुमतीताई:
मी अनेक वर्षे वधू-वर सूचक मंडळाचे काम पाहते. ‘पत्रिका जुळत नाही’ या नकारामागे पुष्कळदा असे न सांगितलेले नाव असते, आणि आईवडील बिचारे नवनवीन स्थळे शोधत राहतात. मुली, तू दुसऱ्यांना भेटावेस की नाही, याचे माझे उत्तर स्पष्ट आहे: सध्या भेटू नकोस. कांदेपोह्यांच्या अर्ध्या तासात समोर बसलेला अनोळखी मुलगा तुझ्या मनातल्या, दोष कधी न दिसलेल्या माणसापुढे उणाच ठरणार. शिवाय तोही आशेने आलेला असतो, त्याच्यावर हा अन्याय आहे. आईला खरे कारण सांग आणि थोडा अवधी माग.

पायवाट:
सुमतीताईंचा अनुभव मोठा आहे, तरीही मी थोडा असहमत आहे. टेनॉव्ह यांनीच ही अवस्था संपण्याचा एक मार्ग म्हणून मन दुसऱ्या व्यक्तीकडे वळणे सांगितले आहे, त्यामुळे सगळी दारे बंद करून बसल्यास त्या एकाच माणसाचे महत्त्व आणखी वाढेल. लग्नाची बोलणी जरूर थांबवा, पण मित्रमंडळी, नवी ओळख, एखादा वर्ग किंवा भटकंती थांबवू नका. आणि त्या सहकाऱ्यावर झुलवत ठेवल्याचा आरोप करण्याआधी त्याला विचारा. तुमच्या मनात काय आहे, याची त्याला कल्पनाच नसण्याची शक्यता आहे.

मृद्गंध:
सर्वांचे मनापासून आभार. विचारण्याची भीती नकाराची आहे, तितकीच मैत्री गमावण्याचीही आहे. विचारायचे तर कोणत्या शब्दांत?

निरभ्र:
संदेश पाठवू नका, कारण त्याला उत्तर न देणे फार सोपे असते आणि तुम्ही पुन्हा वाट पाहू लागाल. फोनवर किंवा समोरासमोर एवढेच म्हणा: ‘मला तू जोडीदार म्हणून आवडतोस, तुझ्या मनात तसे आहे का, हे मला या महिन्यात कळायला हवे.’ ‘बघू’, ‘सध्या कामाचा ताण आहे’ किंवा मौन, यांपैकी काहीही मिळाले तर त्याला नकारच समजा आणि काही महिने संभाषण पूर्ण थांबवा, जुने संदेश वाचणेही. या काळात झोप, जेवण किंवा काम बिघडू लागले, तर शासनाच्या टेली-मानस या मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो आणि तेथे मराठीतूनही बोलता येते.

सुमतीताई:
फोन करण्याआधी आईशी बोल. उत्तर काहीही आले तरी त्या संध्याकाळी घरात एक तरी माणूस सगळे जाणणारे असू दे.