गावात रेंज नाही, फायबर आलंय. आईबाबांना नेटवरचे कॉल पुरतील का?

घाटमाथा
राजापूर तालुक्यातल्या घरात मोबाईलला जेमतेम एक दांडी. फायबर नुकतं जोडलं. आईबाबा सत्तरीपुढचे, बहीण दुबईला. सिमचं रिचार्ज बंद करून सगळं व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर न्यावं का? कुठे अडेल?

तारजोड
रिचार्ज बंद करू नका. बँकेचे ओटीपी सिमवरच येतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून 112 लागत नाही. त्याऐवजी फोनच्या सिम सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा, म्हणजे सिमचे नेहमीचेच कॉल घरच्या वायफायवरून जातील. नंबर तोच, डायलर तोच, समोरच्याकडे नेट नसलं तरी कॉल लागतो. आईबाबांना नवीन काही शिकावं लागत नाही, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. तपासायला फोन एअरप्लेन मोडवर टाका, मग नुसतं वायफाय चालू करून कॉल लावा.

दुबईचं वेगळं. तिथे व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जातात, पण कॉल बंद आहेत. बॉटिमसारखं तिथे परवानगी असलेलं अ‍ॅप दोन्हीकडे टाका.

पॅकेट
आवाज तुटला की लोक मोठा प्लॅन घेतात. त्याने सहसा फरक पडत नाही. नेटवर आवाज छोट्या तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत जातो. आवाजाला साधारण 24 केबीपीएस (सेकंदाला इतके हजार बिट) धरा, दर 20 मिलिसेकंदांच्या पाकिटाला 40 बाइटचं वेष्टन, म्हणजे आणखी 16. एकूण 40 केबीपीएस. दोन्ही बाजू मिळून तासाला 36 एमबी, बस्स.

अडतं ते वेळेत. बोललेलं 150 मिलिसेकंदांच्या आत पोचलं तर बोलणं सहज वाटतं. फोटोंचा बॅकअप चालू असला की अपलोडची रांग तुंबते, आवाजाची पाकिटं तिच्यात मागे अडकतात आणि दोघं एकाच वेळी बोलायला लागतात. स्पीड टेस्ट मात्र झकास दिसते! बॅकअप रात्री लावा. राउटरच्याच खोलीत वायफायचा 5 गिगाहर्ट्झ बँड वापरा. जाड चिऱ्याच्या भिंतीपलीकडे 2.4 बरं.

घाटमाथा
पावसाळ्यात वीज वरचेवर जाते. तेव्हा?

तारजोड
तांब्याच्या लँडलाइनला एक्स्चेंजमधून 48 व्होल्ट यायचे, फायबरला तसं काही नाही. राउटरला वीज पुरवणारा छोटा बॅटरीचा डबा, मिनी यूपीएस, लागेलच. राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवर 12 व्होल्ट, 1 अँपिअर असेल तर जास्तीत जास्त 12 वॅट. यूपीएसच्या खोक्यावर 8800 एमएएच असेल तर ते आतल्या सेलच्या 3.7 व्होल्टचे, म्हणजे 32 वॅट-तास. पूर्ण भारावर, तूट धरून, दोन तास. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना जोड द्या. पिनचा बाहेरचा आणि आतला व्यास 5.5 × 2.1 मिलिमीटर आहे की 5.5 × 2.5, तेही बघून घ्या. ऑपरेटरच्या टोकाला बॅकअप नसेल तर घरचा यूपीएस असूनही नेट जाईल.

पॅकेट
एक राहिलं. फोन उशाशी असूनही अ‍ॅपचा कॉल वाजत नाही, अशी तक्रार हमखास येते. अँड्रॉइडची बॅटरी बचत अ‍ॅपला झोपवते. अ‍ॅप इन्फोमध्ये जाऊन बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसीत ‘सायलेन्स अननोन कॉलर्स’ही लावा, पोलीस असल्याची बतावणी करणारे व्हिडिओ कॉल तिथेच गप्प होतात. पण आधी सगळ्या नातेवाइकांचे नंबर सेव्ह करा, नाहीतर त्यांचेही वाजणार नाहीत.