मदत हवी आहे: ऑटिझमवरच्या फॉर्मला कोणी प्रतिसादच देत नाहीये

कवडसा
नमस्कार, जरा अर्जंट आहे. माझं एम.ए. सायकॉलॉजीचं डेझर्टेशन चालू आहे, विषय ऑटिझम आणि एकटेपणा. ४० जण हवेत, दीड महिन्यात फक्त ३ मिळालेत आणि डेटा द्यायची मुदत २० दिवसांवर आली. दोन ग्रुपवर फॉर्मची लिंक टाकली, एका ठिकाणी पोस्टच उडवली, दुसरीकडे लोक अंगावर आले आणि ॲडमिननं मला काढूनच टाकलं. काहीही वाईट लिहिलं नव्हतं, एथिक्स कमिटीची परवानगी आहे, गाईडनी प्रश्नावली पास केलीय. यांच्यासाठीच तर करतेय ना हे सगळं! दुसरे ग्रुप माहीत आहेत का कोणाला? प्लीज लवकर सांगा.

शून्यदशांश
४० आकडा कुठून आला? पॉवर कॅल्क्युलेशन, म्हणजे किती माणसं पुरतील याचं गणित, केलंय का? कोरिलेशन (दोन गोष्टींमधला संबंध) काढणार असाल तर ४० मध्ये लहानसहान संबंध दिसणारच नाहीत, मग निष्कर्षाला काही अर्थ राहत नाही. आधी ते बघा.

कवडसा
गाईडनी सांगितलेला आकडा आहे. पण माझा प्रश्न तो नाहीये.

आरोहीचीआई
वय काय हवंय? फॉर्म कोणी भरायचा? माझी मुलगी ९ वर्षांची आहे, बोलत नाही. असे फॉर्म आम्ही वर्षाला चार-पाच तरी भरतो, पुढे काय झालं ते एकानंही कधी कळवलं नाही. एकदा तर दोन तास तिला अनोळखी खोलीत बसवून शूटिंग केलं, घरी आल्यावर दोन दिवस मेल्टडाऊन (सगळं असह्य होऊन ताबा सुटणं) चालू होते आणि नंतर त्या बाईंनी माझा फोनसुद्धा उचलला नाही. तेव्हापासून लिंक दिसली की पुढे जाते. तुमच्यावर राग नाही, पण तुम्हाला प्रतिसाद का मिळत नाही हे विचारताय म्हणून सांगितलं.

गोकर्ण
ताई, सर्वेक्षणं करून काय होणार, मूळ पोटात आहे. माझ्या भाच्याचं गहू आणि दूध बंद केलं, तीन महिन्यांत नजरेला नजर द्यायला लागला. यावर संशोधन करा, लोक रांगा लावतील.

कवडसा
@आरोहीचीआई, १८ वर्षांच्या पुढचे हवेत. फॉर्म पालकांनी भरायचाय.

निळासावळा
थांबा. १८ च्या पुढच्या माणसाचा एकटेपणा, आणि विचारणार त्याच्या आईवडिलांना? मी ३४ वर्षांचा आहे, निदान ३१ व्या वर्षी झालं. माझ्या आईला विचारलंत तर ती सांगेल की हा दिवसभर खोलीत एकटा बसतो, बिचारा. मी खोलीत असतो तेव्हा तीन-चार मित्रांशी लिहून बोलत असतो, तो माझा सगळ्यात भरलेला वेळ असतो. एकटं वाटतं ते घरात पंधरा माणसं जमल्यावर, सगळे कशाला हसले ते मला कळत नाही आणि मी पण हसतो तेव्हा. हे आईला कसं दिसणार? ग्रुपवर नेमकं काय लिहिलं होतंत ते जसंच्या तसं टाका.

शून्यदशांश
@गोकर्ण, भाच्याच्या पोटाचा त्रास कमी झाला असेल तर चांगलंच आहे, त्रास कमी झाला की माणूस मोकळा होतोच. पण त्यावरून ऑटिझमवर उपाय सापडला असं म्हणता येत नाही. सिक्रेटिन नावाच्या हार्मोनबद्दल १९९८ च्या सुमाराला अशीच लाट आली होती. मग १९९९ मध्ये ६० मुलांवर चाचणी झाली, काहींना सिक्रेटिन, काहींना नुसतं सलाइनचं इंजेक्शन. सुधारणा दोन्हीकडे दिसली, साधारण सारखीच. पालक खोटं बोलत नव्हते, आशेनं बघणाऱ्याला तसं दिसतं.

गोकर्ण
डोळ्यांनी पाहिलेलं खोटं का? असो, अनुभव सांगितला.

कवडसा
पोस्ट अशी होती: "ऑटिझमग्रस्त प्रौढांच्या एकटेपणाच्या समस्येवर संशोधन करत आहे. ग्रस्त व्यक्तींच्या पालकांनी कृपया फॉर्म भरावा. ११२ प्रश्न, अंदाजे ५० मिनिटे. माहिती गोपनीय राहील." यात काय चुकलं?

निळासावळा
'ग्रस्त' काढा आधी. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त आणि मग आम्ही. तो ग्रुप ऑटिस्टिक लोकांचा होता ना? मग त्यांच्याच घरात येऊन तुम्ही त्यांना म्हणालात की आईबाबांना बोलवा.

पिंपळपान
मी संशोधनाच्याच क्षेत्रात आहे, हा अविश्वास का आहे ते सांगतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये स्पेक्ट्रम १०के नावाचा प्रकल्प जाहीर झाला, केंब्रिज विद्यापीठाच्या सायमन बॅरन-कोहेन यांच्या नेतृत्वाखाली. १०,००० ऑटिस्टिक लोकांचे डीएनए नमुने गोळा करायचे होते. ऑटिस्टिक लोकांनी विचारलं, आमचा डीएनए पुढे कोणाच्या हातात जाणार, उद्या गर्भातच गाळणी लावायला तर वापरणार नाही ना? संशोधकांनी तो हेतू नाही असं सांगितलं, पण लोकांना आधी पुरेसं विचारलंच नव्हतं, आणि सप्टेंबरमध्ये काम थांबवावं लागलं. पैसा होता, मोठी नावं होती, तरी.
उलट उदाहरण अमेरिकेतल्या आस्पायर या संशोधन गटाचं, २००६ पासूनचं. तिथे ऑटिस्टिक माणसं प्रश्न ठरवण्यापासून सोबत असतात. प्रश्नावलीतले संदिग्ध शब्द त्यांनी बदलले, अवघड शब्दांचे अर्थ तिथल्या तिथे दिले. ऑटिस्टिक बर्नआउट (सतत जुळवून घेऊन येणारा टोकाचा थकवा) हा शब्द लोक आपापसात वापरत होतेच, त्यावर २०२० मध्ये त्यांनी लोकांच्याच तोंडून ऐकून अभ्यास केला. तुमची प्रश्नावली कोणी ऑटिस्टिक माणसानं वाचलीय का?

कवडसा
नाही. गाईड आणि दोन तज्ज्ञांनी वाचली.

आरोहीचीआई
हे सगळं पटतं, पण एक बोलू का. इथे मोठी बोलणारी मुलं म्हणतात पालकांना विचारू नका. माझ्या आरोहीबद्दल मी नाही बोलायचं तर कोणी? एके काळी संशोधकच म्हणत होते की आईच्या थंडपणामुळे ऑटिझम होतो. ते १९६४ मध्ये ठामपणे खोडून काढलं बर्नार्ड रिमलँड यांनी, ते मानसशास्त्रज्ञ होते आणि एका ऑटिस्टिक मुलाचे वडील. पालक पण याच समाजातले आहेत.

निळासावळा
आरोहीच्या आई, तुम्ही बोलायलाच हवं, माझं म्हणणं तुमच्यासाठी नव्हतंच. पण न बोलणारी माणसंसुद्धा टॅबवर, चित्रांच्या बोर्डवर सांगतात, त्यांना विचारायचे मार्ग शोधल्यावर उरेल तिथे पालक. आधीपासूनच पालक नको.

सांजवात
अवांतर: 'स्वमग्न' हा मराठी शब्द असताना सगळे ऑटिस्टिक का म्हणताय?

निळासावळा
कारण मी स्वतःत मग्न नसतो. ट्यूबलाइटचा आवाज, शेजारच्याचा सेंट, सगळं एकदम आत येत असतं. जगाचा अतिरेक होतो माझ्यावर.

आरोहीचीआई
आम्हाला मात्र तोच शब्द पहिल्यांदा कळला. घरच्यांना समजावताना कामी आला.

पिंपळपान
शब्दावर वेगळा धागा काढा. @कवडसा, विषय चांगला आहे हो तुमचा, म्हणून जीव तुटतो. डेमियन मिल्टन हे संशोधक स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की ऑटिस्टिक आणि इतर लोकांमधला गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, दोघांनाही एकमेकांचं कळत नाही. मग २०२० मध्ये क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी कानगोष्टीच्या खेळासारखा प्रयोग केला, आठ-आठ जणांच्या साखळीत गोष्ट पुढे सांगायची. सगळे ऑटिस्टिक असलेली साखळी कोणीच ऑटिस्टिक नसलेल्या साखळीइतकीच चांगली चालली, मिश्र साखळीत तपशील जास्त गळले. म्हणजे एकटेपणा कोणासोबत येतो हा प्रश्न आहे. तुमच्या ११२ मध्ये तो आहे का?

कवडसा
नाहीये. "तुमच्या पाल्याला किती मित्र आहेत" असा आहे.
खरं सांगू, मला वाटलं होतं ग्रुपची नावं मिळतील आणि संपेल. काल गाईडशी बोलले. त्या म्हणाल्या पालकांऐवजी स्वतः ऑटिस्टिक व्यक्ती घ्यायच्या असतील तर एथिक्सकडे पुन्हा अर्ज करावा लागेल, फॉर्मऐवजी ८-१० मुलाखती घेतल्या तर त्यांना चालेल, मुदतवाढ मिळते का त्या बघतायत. मुलाखती चॅटवर घेतल्या तर चालतील का? आणि @निळासावळा, प्रश्न ठरवण्याआधी तुम्ही एकदा वाचाल का? अवेळी मागतेय हे कळतंय मला.

शून्यदशांश
८-१० मुलाखती म्हणजे क्वालिटेटिव्ह, आकड्यांऐवजी बोलण्यावरचा अभ्यास, मग माझा ४० चा मुद्दा गेला. थीमॅटिक ॲनालिसिस, म्हणजे मुलाखतींमधून सारखे येणारे मुद्दे शोधायची पद्धत, बघून ठेवा.

निळासावळा
चॅट चालेलच, काहींना तेच बरं पडतं. प्रश्न आधी पाठवून द्या, उत्तर द्यायला दोन दिवस द्या, मध्येच थांबायची मुभा आहे हे पहिल्या ओळीत लिहा. आणि आरोहीच्या आई म्हणाल्या ते विसरू नका, शेवटी काय सापडलं ते भाग घेतलेल्या प्रत्येकाला साध्या मराठीत एका पानात पाठवा.
वाचतो मी. फोन करू नका, लिहून पाठवा.