मदत हवी आहे: दाताखालचं हाड जिवाणू खातात की आपलीच प्रतिकारशक्ती?

डेंटिस्टने एक्स-रे दाखवला. खालच्या दोन दाढांमधलं हाड झिजलंय, पॉकेट, म्हणजे दात-हिरडीमधली फट, ५ मिमी खोल (निरोगी हिरडीत १ ते ३ असतं म्हणे). दुखत काहीच नाही, घासताना रक्त येतं तेवढंच. वर जाता जाता सांगितलं, "हाड जिवाणू खात नाहीत, तुमची इम्युनिटीच खाते." तेव्हापासून वाचत सुटलोय.

कळलं ते असं: प्लाकमधल्या (दातांवर साचणारा जिवाणूंचा थर) ग्रॅम-निगेटिव्ह गटातल्या जिवाणूंच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड नावाचं द्रव्य असतं. हिरडीच्या पेशींवरचे टोल-लाइक रिसेप्टर (जंतूंची चाहूल घेणारी प्रथिनं) ते ओळखतात, पेशी आयएल-८ हे निरोप देणारं प्रथिन सोडतात आणि त्याच्या मागावर न्यूट्रोफिल (जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) रक्तातून दात-हिरडीच्या फटीत उतरतात. इथवर ठीक. पण १९६५ मध्ये दंतसंशोधक हाराल्ड लोए यांनी निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला लावलं, तेव्हा १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्यात बऱ्याही झाल्या. हाडाचा तिथे संबंधच आला नाही.

खरी गाडी अडलीय ती पुढे. ल्युकोसाइट अॅडहेजन डेफिशियन्सी या जन्मजात आजारात न्यूट्रोफिल रक्तवाहिनीतून बाहेरच पडू शकत नाहीत. मग या मुलांचं हाड शाबूत राहायला हवं ना? उलट त्यांचे दात लहानपणीच हलायला लागतात! कुणी जाणकार उलगडून सांगेल का?

प्रतिसाद १
डॉक्टर बरोबरच बोलले, फक्त घाईत. हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी आपल्याच. त्यांना कामाला लावतं रँकल नावाचं प्रथिन, आणि सूज खोलवर गेली की तिथल्या टी व बी या प्रतिकारशक्तीच्या पेशी ते बनवतात. सूज वरच्यावर राहिली तर हाड वाचतं. लोए यांच्या प्रयोगात तेच झालं.

तुमच्या कोड्याबद्दल: न्यूट्रोफिल हिरडीत येऊन मरतात, मॅक्रोफेज या भक्षक पेशी त्यांना गिळतात आणि त्यातूनच आयएल-२३ या सूज वाढवणाऱ्या निरोप्या प्रथिनाला लगाम बसतो. ते पोचलेच नाहीत तर आयएल-२३ आणि पाठोपाठ त्याच जातीचं आयएल-१७ चढत जातं, मग हाडावर येतं. २०१७ मध्ये अशा एका रुग्णाला आयएल-२३ रोखणारं उस्टेकिनुमॅब हे औषध (एरवी सोरायसिसला देतात) दिल्यावर हिरड्यांची सूज उतरल्याचं प्रसिद्ध झालं. म्हणजे न्यूट्रोफिल जास्त झाले तरी पंचाईत, आलेच नाहीत तरी पंचाईत.

प्रतिसाद २
जिवाणूंना अगदीच निर्दोष सोडू नका हो. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जिवाणू भलताच लबाड आहे. आपल्या जिंजिपेन एन्झाइमांनी तो कॉम्प्लिमेंट या रक्तातल्या संरक्षक प्रथिनांच्या गटातलं सी५ तोडतो, न्यूट्रोफिलची मारायची ताकद काढून घेतो, पण सूज मात्र चालू ठेवतो. कारण सुजेतून पाझरणारी प्रथिनं आणि लोह हेच त्याचं खाणं. २०११च्या उंदरांवरच्या प्रयोगात जंतुमुक्त उंदरांमध्ये तो एकटा सोडला तर हाड गेलं नाही. तोंडात नेहमीचे जिवाणू असलेल्या उंदरांमध्ये मात्र अगदी थोड्या संख्येनेही गेलं.

५ मिमी खोल ब्रश पोचत नाही. स्केलिंग आणि रूट प्लेनिंग (हिरडीखाली मुळांपर्यंतची सफाई) लांबणीवर टाकू नका, रक्तातली साखरही तपासून घ्या. सिगारेट ओढत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. तिने रक्त कमी येतं आणि आजार आहे त्यापेक्षा सौम्य भासतो.