फिट्झकडे परत जावं का? शेवटची तीन पुस्तकं वाचलेल्यांना विचारायचं आहे

मानेवाडा_वाचक

नमस्कार मंडळी. रॉबिन हॉब या लेखिकेची, फिट्झ नावाच्या नायकाची इंग्रजी फँटसी पुस्तकं इथे कोणी शेवटपर्यंत वाचली आहेत का? एक विनंती आधीच करते, शेवट सांगू नका. आणि ज्यांनी टॉनी मॅनची तीन (फिट्झची दुसरी तीन) वाचली नाहीत त्यांनी हा धागा इथेच सोडावा, कारण पुढे मी त्यातलं लिहिणार आहे.

पहिली तीन पुस्तकं (असॅसिन्स अप्रेंटिस, रॉयल असॅसिन, असॅसिन्स क्वेस्ट, १९९५ ते १९९७) मी फिजिओथेरपी शिकत होते तेव्हा वाचली. भावाने हॉस्टेलवरून आणली होती. पुढची तीन नोकरी लागल्यावर, स्वतःच्या पैशाने घेतली. फूल्स फेट संपलं आणि मी थांबले, ठरवून थांबले. सहा वर्षांचा असताना आजोबांनी ज्याला किल्ल्याच्या दारात पहारेकऱ्याच्या हवाली केलं, जो तबेल्यात कुत्र्यांच्या उबेला झोपला, ज्याला राजाने एक पिन देऊन जन्मभरासाठी बांधून घेतलं, त्या पोराला शेवटी घर मिळालं, त्याचं पहिलं प्रेम मॉली मिळाली. मला त्याच्यासाठी आणखी काही नको होतं.

मला हा नायक का इतका जवळचा आहे तेही सांगते, म्हणजे प्रश्न नीट कळेल. दिवसभर मी लोकांचे गुडघे, खांदे, कंबरा बघते. पुस्तकांतले वीर तलवारीचे घाव खातात आणि चार पानांनी घोड्यावर बसतात, ते मला पटतच नाही. फिट्झचं तसं नाही. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी त्याच्यावर विषप्रयोग होतो आणि दुसरं पुस्तक सुरू होतं तेव्हा तो डोंगराळ राज्यात पडून आहे, हात थरथरताहेत, झटके येताहेत, आपण आता कोणाच्या उपयोगाचे नाही असं त्याला वाटून राहिलं आहे. पॅरालिसिसनंतर पहिल्यांदा वॉकर धरणाऱ्या पेशंटच्या चेहऱ्यावर मी हेच बघते. त्याला वाढवणाऱ्या तबेलाप्रमुख बरिचचा पायसुद्धा बघा. रानडुकराने फोडलेला तो गुडघा लेखिका कधी विसरत नाही. जिना चढायचा असला की तो तिथे असतोच.

टॉनी मॅनच्या सुरुवातीला फिट्झ ३५ वर्षांचा आहे. झोपडीत राहतो, कोंबड्या पाळतो, लांडगा म्हातारा झालाय. तेव्हा मला ३५ म्हणजे फार मोठं वय वाटलं होतं. आज मी त्याच्या पुढे निघून आले आहे.

आता मुद्दा. २०१४, २०१५ आणि २०१७ मध्ये आणखी तीन पुस्तकं आली हे मला माहीत होतं, मी तिकडे बघत नव्हते. मागच्या महिन्यात भाच्याने तिन्हींचा संच आणून दिला. म्हणतो, "आत्या, तू नाही वाचलंस तर मी कोणाशी बोलू?" उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच क्लिनिक बंद असतं, कूलरसमोर बसून वाचायला वेळच वेळ आहे. पुस्तक हातात घेते आणि ठेवून देते. त्याच्या हातून ते घर सुटलेलं मला बघवणार नाही.

तर सांगा. तो ओळखू येतो का? म्हातारा झालाय का? आणि मधली जहाजांची पुस्तकं मी वाचलेली नाहीत, कारण त्यात फिट्झ नाही. त्याने अडेल का?

---

सावली_धंतोली

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. अडेल, आणि बरंच अडेल.

पूर्ण मालिका १६ पुस्तकांची आहे. पहिली तीन फिट्झची, मग लिव्हशिप ट्रेडर्सची, म्हणजे जहाजांची, तीन (१९९८ ते २०००), मग टॉनी मॅनची तीन, मग रेन वाइल्ड्सची चार (२००९ ते २०१३) आणि शेवटी तुमच्याकडे आलेली तीन. लिव्हशिपमध्ये फिट्झ नाही म्हणून खूप जण ती गाळतात. पण शेवटच्या पुस्तकात कथा दक्षिणेकडे निघते. रेन वाइल्ड नदी, बिंगटाऊन, आणि एक बोलणारं जहाज, ज्याचा सगळा भूतकाळ लिव्हशिपमध्ये आहे. ते न वाचता तिथे पोहोचलात तर आजूबाजूचे लोक रडताहेत आणि आपल्याला कारण माहीत नाही, अशी गत होईल.

रेन वाइल्ड्सची चार वाचायला वेळ नसेल तर किमान लिव्हशिपची तीन वाचाच. त्यातल्या पहिल्या, शिप ऑफ मॅजिकची पहिली शंभरेक पानं जड जातात, पात्रं खूप आहेत. एक सांगते: बिंगटाऊनमध्ये लाकडाचे मणी कोरून विकणारी एक बाई आहे, तिच्याकडे नीट लक्ष ठेवा. ती काय बोलते, कोणाची काळजी घेते. तुम्ही टॉनी मॅन वाचलंय, तुम्हाला ती माझ्याआधी कळेल.

---

आडवाट

माझं मत वेगळं आहे. नका वाचू.

मी शेवटच्या तिनांतलं पहिलं, फूल्स असॅसिन, अर्धं वाचून सोडलं. वाईट लिहिलंय म्हणून नाही. फिट्झ विदीवूड्सला राहतो, जमीनजुमला बघतो, नोकरचाकर, हिवाळ्याचा सण, पाहुणे, घराची डागडुजी. शेकडो पानं हेच. आणि वाचणाऱ्याला सतत कळत असतं की काहीतरी येऊन राहिलं आहे, फक्त त्या माणसाला कळत नाही. लहानपणापासून हेरगिरी शिकलेला माणूस! दारात आलेली गोष्ट त्याला दिसत नाही. मला त्याचा इतका राग आला की पुस्तक बंद केलं.

आणि खरं सांगायचं तर नाइटआइज, त्याचा लांडगा, गेल्यावर माझ्यासाठी ही मालिका तिथेच संपली होती. फूल्स एरंडमधली ती रात्र वाचून मी दोन दिवस ऑफिसात कोणाशी बोललो नाही. लांडग्याशिवाय फिट्झ मला पूर्ण वाटत नाही. ताईंना त्याचं सुख जपायचं असेल तर ते आहे तिथे सुरक्षित आहे. लेखिकेने पुढे लिहिलं म्हणून वाचलंच पाहिजे असं थोडंच आहे?

---

मानेवाडा_वाचक

आडवाट, तुमचा राग समजला, पण तुम्ही जे वर्णन केलं त्यानेच मला वाचावंसं वाटू लागलं आहे. घराची डागडुजी करणारा फिट्झ! तो माणूस कोणी मारायला आलेलं नसताना सकाळी उठून काय करतो, हे मला सहा पुस्तकांत नीट बघायलाच मिळालं नाही.

आणि दारात आलेलं त्याला दिसत नाही, ते मला खोटं वाटत नाही. ज्याला लहानपणापासून फक्त धोकाच ओळखायला शिकवलं, त्याने एकदा घर मानलं की तो तिथे डोळे मिटणारच. इतकी वर्षं उघडे ठेवून दमलाय तो.

सावली, मणीवाल्या बाईबद्दल धन्यवाद. अंदाज आला आहे, आणि अंगावर काटा आला आहे.

---

जुनं_कपाट

माझं वय सत्तरीच्या पुढे. फिट्झ मला मुलीने वाचायला लावला. पण मी ज्याच्याकडे दर पावसाळ्यात परत जातो तो नायक नारायण धारपांचा समर्थ. महालातल्या आमच्या जुन्या घरी माळ्यावर ती पुस्तकं होती, आता फ्लॅटमध्ये कपाटात आहेत.

समर्थाकडे जाताना मला कधी भीती वाटली नाही. कुठलंही पुस्तक उघडा, तो तसाच आहे. शांत, सगळं जाणणारा. संकट येतं, तो येतो, आणि अप्पा आपल्याला सांगतो काय झालं ते. अप्पाच्या डोळ्यांनीच आपण त्याला बघतो, म्हणून त्याचा आधार वाटतो. त्याच्या मनात काय चाललंय ते कळलं असतं तर तेवढा वाटला नसता.

फिट्झची गोष्ट उलटी. सहाही पुस्तकं तो स्वतः सांगतो, त्यामुळे त्याची प्रत्येक शंका, प्रत्येक चूक आपल्याला आतून माहीत. तो स्वतःला फार कमी लेखतो आणि आपणही हळूहळू त्याच्याच नजरेने त्याला बघू लागतो. शेवटच्या तीन पुस्तकांत पहिल्यांदा दुसरा आवाज येतो. कोणाचा ते सांगत नाही. पण ते पान आलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून मुलीला फोन केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी फिट्झला बाहेरून बघत होतं. तो खोलीत आला की कसा दिसतो, त्याचं गप्प बसणं समोरच्याला कसं लागतं, त्याच्या प्रेमाचा धाक कसा वाटतो. हे मला त्याने स्वतः कधीच सांगितलं नसतं, कारण त्याला ते माहीतच नव्हतं.

तेवढ्यासाठी वाचा बेटा. बाकी दुःख आहे, ते मी लपवत नाही.

---

खापरी_मेट्रो

मी तिन्ही पुस्तकं बर्डीला गाडी बदलत बदलत मेट्रोत वाचली. ताईंच्या "म्हातारा झालाय का" या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही, म्हणून लिहितो. हे सुरुवातीलाच येतं, त्यामुळे स्पॉयलर म्हणू नये.

टॉनी मॅनमध्ये स्किल (त्या जगातली मनाची जादू) वापरून फिट्झला मरणाच्या दारातून परत आणतात ते आठवतं ना? त्याचा परिणाम संपलेलाच नाही. त्याचं शरीर आपलं आपण दुरुस्त होत राहतं. वय पन्नाशीकडे, पण दिसतो त्याहून बराच तरुण. आणि मॉलीचं वय तिच्या गतीने वाढतंय. तिला ते आरशात दिसतं, त्याला तिच्या चेहऱ्यावर दिसतं. बाजारात दोघं सोबत गेले की लोक काय समजत असतील याचाही त्याला विचार पडतो. जखमी झाला की शरीर त्याला न विचारता कामाला लागतं आणि मग तो भुकेने, थकव्याने कोसळतो. तुम्ही फिजिओ आहात, तुम्ही हे वाचून काय म्हणता ते मला खरंच जाणून घ्यायचंय.

---

मानेवाडा_वाचक

खापरी, हे मला अजिबात सुचलं नव्हतं. मी त्याच्या गुडघ्यांची काळजी करत होते आणि लेखिकेने त्याचे गुडघेच चांगले ठेवले! सोबतचं माणूस थकत चाललंय आणि आपण नाही, हे माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी नवराबायकोंत मी बघते. नवरा तिला हात धरून आणतो, स्वतः ठणठणीत असतो आणि त्याचीच मान खाली असते. यावर हॉबने पानं खर्च केली असतील तर मला ती वाचायलाच हवीत.

काका, तुमचं उत्तर भाच्याला वाचून दाखवलं. तो एवढंच म्हणाला, "त्यांना सगळं कळलंय."

तर ठरलं असं: आधी लिव्हशिपची तीन, मग भाच्याने दिलेला संच. रेन वाइल्ड्स सध्या बाजूला. शिप ऑफ मॅजिक बर्डीला जुन्या पुस्तकांत बघितलं, मिळालं नाही. नागपुरात कोणाकडे असेल आणि महिनाभर देऊ शकत असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी येऊन घेऊन जाईन. कव्हर घालून वाचते, पानं दुमडत नाही.

---

सावली_धंतोली

माझ्याकडे तिन्ही आहेत ताई. मॅड शिपची बाइंडिंग सुटली आहे, तेवढं सांभाळून घ्या. रविवारी सकाळी या. व्यनि केला आहे.