जांबोटीकडच्या होमस्टेला गरम पाणी: गीझर, सोलर की हीट पंप?

जांबोटीकर: ८ खोल्या, भरल्या की १६ माणसं. प्रत्येक बाथरूमला १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गीझर. सकाळी सगळे एकदम लावले की मेन एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो. सोलर घ्यावं तर जून ते सप्टेंबर ऊन नाही, आणि धबधब्यांची गर्दी नेमकी तेव्हाच. काय करायचं सांगा की.

वायरमन_खानापूर: पडणारच. ८ गीझर म्हणजे १६ किलोवॅट, २३० व्होल्टला ७० अँपिअर. मोठा एमसीबी बसवू नका, वायर तापेल.

हिशोब बघा. माणशी ३० लिटर धरून ४८० लिटर. पाणी २२ अंशांवरून ४५ वर न्यायला ४८० × २३ ÷ ८६० (एका युनिटात ८६० लिटर पाणी एक अंश तापतं) = जवळजवळ १३ युनिट, टाकी-पाइपातून जाणारी उष्णता धरून १५. गीझर तेवढी सगळी वीज खाणार, हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणारं यंत्र, ५ च्या आसपास. पण तो सावकाश तापवतो, म्हणून ५०० लिटरची इन्सुलेटेड टाकी हवीच. दीड किलोवॅट वीज घेणारा पंप रात्री साडेतीन-चार तास चालला की भागतं. बंद खोलीत ठेवू नका, स्वतःचीच गार हवा परत ओढतो. खाली ठिबकणाऱ्या पाण्याला वाट काढा.

नळकाम: पैसे पाइपात जातात, तिकडं कोण बघत नाही. टाकीपासून ३० मीटरवरच्या खोलीला पाऊण इंची पाइप नेलात तर त्यात ८-९ लिटर पाणी मावतं. तेवढं गार पाणी पाहुणा आधी ओतून देतो. शेवटच्या फाट्याला अर्धा इंची घ्या, सगळ्या पाइपाला फोम गुंडाळा.

जांभ्यातलं विहिरीचं पाणी मऊ आणि जरा आम्लधर्मी असतं. क्षार धरत नाही, पण टाकी खातं. टाकीऐवजी स्वतः झिजणारा आतला मॅग्नेशियमचा रॉड दरवर्षी उघडून बघा, निम्मा झिजला की बदला.

जांबोटीकर: आणि झाड पडून दोन दिवस लाईट गेली तर? बंब ठेवला तर चालेल? चंदगडकडून काजूची टरफलं मिळतात.

नळकाम: बंब ठेवाच, टरफलं मात्र नकोत. त्यांतल्या तेलाचा धूर डोळ्यांना झोंबतो आणि धुराड्यात चिकट काजळी बसते. भीमगड अभयारण्यातलं लाकूडही आणू नका. नारळाची सोडणं, करवंट्या, बागेतल्या छाटलेल्या फांद्या पुरतात. बंबाच्या वाफेच्या नळीला कधी बूच मारू नका, आणि ते पाणी पाइपात न सोडता बादलीनंच द्या.